पाणी ३ मायक्रॉनला सर्वांत जास्त शोषतं, मग हीटरही ३ मायक्रॉनचाच घ्यायचा का?

कोटिंगलाइन

नमस्कार. पीईटी (पॉलिएस्टर प्लास्टिक) फिल्मवर पाण्यातलं ॲक्रिलिक ॲडेसिव्ह लावणाऱ्या लाइनवर काम करतो. फिल्म ५० मायक्रॉन जाड, रुंदी १ मीटर, ओला थर १० मायक्रॉनच्या आसपास आणि त्यात निम्म्याहून थोडं जास्त पाणी. लाइन मिनिटाला १०० मीटरने पळवायची आहे, पण गरम हवेचा ड्रायर त्या वेगाला पुरा पडत नाही. म्हणून त्याच्या आधी इन्फ्रारेडचा एक टप्पा बसवायचा विचार चाललाय.

दोन पुरवठादारांशी बोललो. पहिला म्हणतो, पाण्याचं शोषण ३ मायक्रॉन तरंगलांबीला सर्वांत जास्त, त्यामुळे ज्याच्या प्रारणाचं शिखर बरोबर ३ मायक्रॉनवर येतं तोच, ७०० अंशांच्या आसपास चालणारा एमिटर (हीटरचा किरण सोडणारा भाग) घ्या. दुसरा म्हणतो, शॉर्ट वेव्ह (आखूड तरंगलांबीचा) हॅलोजन दिवा घ्या, ताकद प्रचंड आणि चालू-बंद क्षणात. दोघांनी आपापले आलेख पाठवलेत आणि दोन्ही पटण्यासारखे दिसतात. ज्यांनी अशी निवड प्रत्यक्ष केली आहे त्यांनी कृपया सांगावं, नेमकं काय बघून ठरवता?

भट्टीकाका

पहिल्या पुरवठादाराचं निदान बरोबर आहे, औषध चुकलंय. जरा सविस्तर लिहितो, कारण ही गल्लत फार ठिकाणी दिसते.

विनचा नियम सांगतो की २८९८ला केल्विनमधल्या तापमानाने भागलं की शिखराची तरंगलांबी मायक्रॉनमध्ये मिळते. ३ मायक्रॉन हवं तर ९६६ केल्विन, म्हणजे ६९३ अंश सेल्सिअस. इथवर त्याचं गणित चोख आहे. पण तापलेला एमिटर एका तरंगलांबीवर प्रारण करत नाही. शिखराच्या आखूड बाजूला एकूण ऊर्जेचा फक्त चौथा हिस्सा असतो, उरलेले तीन हिस्से लांब बाजूला पसरलेले असतात. म्हणजे शिखर ३ वर ठेवलं की बहुतेक ऊर्जा ३च्या पलीकडे जाऊन पडते. शिवाय शिखराची जागा आलेख कसा काढला यावरही ठरते. तीच ९६६ केल्विनची भट्टी वारंवारतेच्या अक्षावर मांडली तर शिखर ५.३ मायक्रॉनवर येतं. भट्टी तीच, प्रारण तेच. अशा बिंदूला इतकं महत्त्व देऊन खरेदी करू नये.

विचारायचा प्रश्न असा: पाणी जिथे जोरात शोषतं तो पट्टा, म्हणजे समजा २.६ ते ३.६ मायक्रॉन, त्यात एमिटरची किती टक्के ऊर्जा पडते? प्लांकच्या सूत्रावरून, आदर्श काळा पृष्ठभाग धरून, मला हे आकडे मिळतात:

६९३ अंशांचा एमिटर: सुमारे २१ टक्के.
९०० अंशांचा मीडियम वेव्ह (मधल्या तरंगलांबीचा) एमिटर: सुमारे २३.५ टक्के.
१२०० अंशांचा कार्बन एमिटर: सुमारे २२ टक्के.
२२०० अंशांचा हॅलोजन: साडेअकरा टक्क्यांच्या आसपास.

बघा, ३ मायक्रॉनवर शिखर असलेला एमिटर ३ मायक्रॉनच्या पट्ट्यात सर्वांत जास्त वाटा देतच नाही. ज्याचं शिखर २.५ मायक्रॉनच्या जवळ आहे तो देतो. आता त्यात एकूण ताकद मिळवा. ६९३ अंशांचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४९ किलोवॅट प्रारण करतो, ९०० अंशांचा १०७. म्हणजे त्या पट्ट्यात पहिल्याकडून साडेदहा किलोवॅट आणि दुसऱ्याकडून पंचवीस. जागा तितकीच, कामाची ऊर्जा दुपटीहून जास्त.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: दोन तापमानांचे प्लांकचे आलेख एकमेकांना कुठेही छेदत नाहीत. जास्त तापलेला पृष्ठभाग प्रत्येक तरंगलांबीवर जास्तच प्रारण करतो, ३ मायक्रॉनवरसुद्धा. तापमान वाढवलं की पट्ट्यातली ऊर्जा कमी होत नाही, एका टप्प्यापुढे पट्ट्याबाहेरची जास्त वेगाने वाढते. त्या बाहेरच्या ऊर्जेचं तुमच्या मालात काय होतं, हे बघून निवड ठरते.

कोटिंगलाइन

काका, मनापासून आभार. मग हॅलोजनच्या त्या बाहेरच्या ऊर्जेचं माझ्या फिल्मवर काय होईल? दुसरा पुरवठादार म्हणतो की शॉर्ट वेव्ह थराच्या आतपर्यंत शिरते, म्हणून थर आतून सुकतो.

भट्टीकाका

शिरते, आणि पलीकडून निघूनही जाते. पाण्यात किरणांची तीव्रता साधारण एक तृतीयांशावर यायला ३ मायक्रॉनच्या आसपास १ मायक्रॉन खोली पुरते. १.९४ मायक्रॉनच्या पट्ट्याला सुमारे ८० मायक्रॉन लागतात, १.४५ला सुमारे ३०० मायक्रॉन, आणि १ मायक्रॉनच्या तरंगलांबीला काही सेंटीमीटर. तुमचा थर १० मायक्रॉनचा. म्हणजे १.९४ला तो शुद्ध पाण्याचा धरला तरी जेमतेम ११ टक्के शोषेल, आणि हॅलोजनचं शिखर तर १.१७ला आहे. खाली पीईटी फिल्म, तीही या भागात बऱ्यापैकी पारदर्शक. मग बहुतांश ऊर्जा फिल्ममधून आरपार जाऊन खालच्या रोलरवर किंवा पत्र्यावर पडणार. खाली चांगला रिफ्लेक्टर लावून ती परत फिरवता येते, काही लोक तसं करतातही, पण १० मायक्रॉनच्या थराला त्याचा आधार कमकुवतच.

आत शिरण्याचा फायदा जाड मालात. पातळ थरात आत आणि बाहेर असा फरक उरतच नाही.

प्रिफॉर्म

जाडीच्या मुद्द्याला आमच्याकडचं उलटं उदाहरण देतो. आम्ही बाटल्यांचे पीईटी प्रिफॉर्म (फुगवून बाटली करण्याआधीच्या जाड नळ्या) गरम करतो, भिंत ३ ते ४ मिलिमीटर. पीईटी ३.४ मायक्रॉनजवळ, कार्बन-हायड्रोजन बंधाच्या पट्ट्यात जोरदार शोषतं, म्हणून शिखर जुळवायचं तत्त्व पाळलं तर आम्हीही मीडियम वेव्हच घ्यायला हवा होता. पण तिथे किरण वरच्या पातळ पापुद्र्यातच संपतात आणि आतपर्यंत उष्णता फक्त वहनाने पोचते. पीईटीची उष्णता-विसरणता सुमारे ०.१ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. साडेतीन मिलिमीटरचा वर्ग भागिले ०.१ केलं की दोन मिनिटांच्या घरातला काळ येतो. तेवढा वेळ मशीनजवळ नसतो. त्याच्या आत बाहेरची कातडी जास्त तापून स्फटिक धरते आणि पांढरी पडते, आतला भाग मात्र अजून ताणण्याजोगा झालेला नसतो.

म्हणून आम्ही हॅलोजन वापरतो, म्हणजे जिथे पीईटी कमी शोषतं तोच भाग मुद्दाम निवडतो, आणि वर बाहेरच्या बाजूला थंड हवेचा झोत देतो. पदार्थ एकच, तुमची ५० मायक्रॉनची फिल्म आणि आमची ४ मिलिमीटरची भिंत, पण निवड अगदी विरुद्ध. कुठल्याही तक्त्यात 'पीईटीसाठी अमुक तरंगलांबी' असं लिहिलेलं दिसलं की मी आधी जाडी विचारतो. जाडी लिहिलेली नसेल तर तो तक्ता माझ्या कामाचा नाही.

काचनळी

भट्टीकाकांच्या गणिताशी सहमत, पण तीन गोष्टी जोडतो.

एक, ३.६च्या पुढची ऊर्जा पातळ थरातही सगळी वाया जात नाही. पाण्याचा दुसरा जोरदार पट्टा ६.१ मायक्रॉनला आहे आणि त्यापुढेही पाणी बऱ्यापैकी शोषतं. त्यामुळे दर वॅटमागे किती शोषलं गेलं असं विचारलं तर ६९३ अंशांचा आणि ९०० अंशांचा एमिटर फार दूर नाहीत. मोठा फरक आहे तो दर चौरस मीटरमागे, आणि तुमच्या लाइनला जागा कमी असेल तर तोच निर्णायक.

दोन, कमी तापमानाचा एमिटर हवेला जास्त वाटा देऊन बसतो. हवेत जाणारी उष्णता तापमानाच्या फरकाच्या साधारण प्रमाणात वाढते, प्रारण मात्र चौथ्या घाताने. एमिटर जितका थंड, तितका तो गरम हवेच्या हीटरसारखा वागू लागतो. तुमच्याकडे गरम हवा आधीच आहे.

तीन, वरचे आकडे आदर्श काळ्या पृष्ठभागाचे आहेत. क्वार्ट्‌झच्या नळीतला एमिटर असेल तर साडेतीन-चार मायक्रॉनच्या पुढे नळी स्वतःच शोषते आणि तापून मग लांब तरंगलांबीचं प्रारण करते. म्हणजे प्रत्यक्षात तंतूचं एक आणि नळीचं एक असे दोन उगम मिळतात. नळीवर थंड हवा सोडली की दुसरा उगम बराच मंदावतो. पुरवठादाराच्या आलेखात बहुधा फक्त तंतू असतो.

वाफहरण

तरंगलांबीवर इतकं छान चाललंय, पण वाफ कुठे जाणार ते कोणीच बोललं नाही.

तुमच्या आकड्यांवरून हिशेब केला. १० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या थरात ६ ग्रॅम पाणी धरू. मिनिटाला १०० चौरस मीटर म्हणजे ६०० ग्रॅम, तासाला ३६ किलो. पाण्याची बाष्पीभवन उष्णता १०० अंशांना २२५७ किलोज्यूल प्रति किलो, म्हणजे निव्वळ पाणी उडवायला सुमारे साडेबावीस किलोवॅट थरात शोषले गेले पाहिजेत. फिल्म तापवणं, हवेला जाणारं, बाजूने निसटणारं, हे सगळं त्यावर. जोडणीचे किलोवॅट याच्या बरेच वर जातील.

आणि ती ३६ किलो वाफ थरावरून सतत काढली नाही तर एमिटर कितीही बरोबर निवडा, सुकण्याचा वेग पडणारच. एमिटरच्या रांगांमधून हवेचे झोत द्या. थराच्या वरच्या भागात उष्णता फार जोरात ओतली तर वर कातडी धरते, खालची वाफ अडकते आणि फोड येतात. १० मायक्रॉनला हा धोका कमी, ५०-१०० मायक्रॉनच्या रंगाला पुष्कळ. तिथे आधी हलका डोस, मध्ये हवा, मग पुन्हा डोस, असंच करावं लागतं.

अजून एक. थरात पाणी आहे तोवर त्याचं तापमान फार चढत नाही, कारण उष्णता बाष्पीभवनात जाते. पाणी संपलं की तीच ऊर्जा फिल्ममध्ये जाते आणि तापमान एकदम उसळतं. फिल्म आकसते, कडा वळतात. शेवटच्या झोनची ताकद पहिल्या झोनपेक्षा कमी ठेवा, आणि शेवटचं थोडं पाणी गरम हवेच्या ड्रायरसाठी राहू द्या.

कोटिंगलाइन

खूपच उपयोगी. मग मीडियम वेव्हकडे कल झालाय. पण एक भीती आहे. लाइन थांबली तर? वेब (चालती फिल्म) तुटणं, रोल बदलताना अडकणं हे होतंच. ९०० अंशांचा एमिटर लगेच थंड होणार नाही आणि फिल्म तर त्याच्यासमोर उभी.

भट्टीकाका

याच प्रश्नासाठी मी कार्बनचा आकडा वर मुद्दाम दिला होता. नेहमीचा मीडियम वेव्ह क्वार्ट्‌झ एमिटर निवायला मिनिटभर घेतो, सिरॅमिक तर कित्येक मिनिटं. हॅलोजन सेकंदात विझतो. कार्बनचा एमिटर १ ते ३ सेकंदांत प्रतिसाद देतो आणि ३ मायक्रॉनच्या पट्ट्यातला त्याचा वाटा ६९३ अंशांच्या एमिटरपेक्षा कमी नाही. शिवाय त्याचा पृष्ठभाग १२०० अंशांना दर चौरस मीटरला सुमारे २६७ किलोवॅट देतो, त्यामुळे थोड्या जागेत जास्त ताकद बसते.

आकडे नीट बघा: ६९३पासून १२०० अंशांपर्यंत पट्ट्यातला वाटा २१ ते २३.५ टक्क्यांतच फिरतोय. तरंगलांबीची निवड इतकी सपाट असते. या पाचशे अंशांच्या टापूत कुठेही उभे राहिलात तरी पाण्याला फारसा फरक पडत नाही. मग निवडीचं स्वातंत्र्य वापरा आणि लाइन थांबल्यावर काय होतं, जागा किती आहे, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, यावर ठरवा. ५० मायक्रॉनच्या पीईटीला मी तरी कार्बनच घेईन.

मीडियम वेव्ह स्वस्तात मिळत असेल तर दोनपैकी एक सोय हवीच: एमिटरचा कप्पा मागे सरकवणारी यंत्रणा, किंवा मध्ये येणारं पाण्याने थंड केलेलं शटर. आणि ती लाइनच्या वेगाशी जोडलेली हवी, माणसाच्या हातात नको. कोटिंगमध्ये थोडाही सॉल्व्हंट असेल तर वाफेचं प्रमाण आणि हवा काढण्याची इंटरलॉक (हवा थांबली की हीटर आपोआप बंद करणारी सोय) हा वेगळाच आणि आधी सोडवायचा विषय आहे.

पावडरबूथ

आमच्याकडे पावडर कोटिंग आहे. धाग्याला थोडं वळण देतो, चालेल ना? शॉर्ट वेव्हखाली काळी पावडर वितळून मोकळी होते आणि त्याच सेटिंगला पांढरी अर्धवट राहते. मीडियमला गेलं तर हा फरक जाईल का?

भट्टीकाका

बऱ्याच अंशी जाईल. पांढरेपणा रंगद्रव्यामुळे, आणि टायटॅनियम डायऑक्साइड दृश्य प्रकाशाबरोबर जवळचं इन्फ्रारेडही जोरात परतवतो. ३ मायक्रॉनच्या पुढे शोषणाचं काम रेझिन करतं, आणि रेझिन सगळ्या रंगांना जवळपास सारखंच. त्यामुळे रंग सतत बदलणाऱ्या लाइनला मीडियम वेव्ह जास्त समंजस. उलट जाड ओतकाम असेल तर शॉर्ट वेव्हची घनता उपयोगी पडते, कारण शेवटी धातूच तापवायचा असतो. इन्फ्रारेडने पावडर वितळवून बसवायची आणि पुढचं क्युअरिंग (थर पक्का करणं) गरम हवेत, ही जोडी चांगली चालते. आडोशाचे कोपरे किरणांना दिसत नाहीत, हवेला दिसतात.

पावडरबूथ

आणि कोटिंगआधी उघडं ॲल्युमिनियम तापवायचं असेल तर?

काचनळी

चकचकीत ॲल्युमिनियम लाँग वेव्हचं प्रारण जवळजवळ सगळं परतवतं. तरंगलांबी आखूड केली की शोषण वाढतं, पण तरीही थोडंच. पोलादाची स्थिती बरी, १ मायक्रॉनजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ऑक्साइड, तेल, रंग काहीही वर आलं की हे आकडे पूर्ण बदलतात, त्यामुळे एकाच रॅकवरचे दोन तुकडे वेगळे तापतात. उघड्या ॲल्युमिनियमला मी गरम हवाच सुचवेन.

थायरिस्टर

नियंत्रणाबद्दल सांगतो, कारण कोटिंगलाइन झोनची ताकद कमी-जास्त करणार आहेत.

हॅलोजनची ताकद फेज अँगलने (विजेच्या प्रत्येक लहरीचा काही भाग कापून) निम्मी केलीत की तंतूचं तापमान दोनाच्या चौथ्या मुळाने उतरतं. २४७३ केल्विनवरून २०८०वर. शिखर १.१७वरून १.३९ मायक्रॉनवर सरकतं. पाव ताकदीला १७५० केल्विन आणि १.६६ मायक्रॉन. म्हणजे शॉर्ट वेव्ह म्हणून घेतलेला दिवा पाव ताकदीला वेगळाच एमिटर झालेला असतो. ज्या मालाचं शोषण या भागात झपाट्याने बदलतं तिथे ५० टक्क्यांचं सेटिंग निम्मी उष्णता देत नाही.

वर्णपट जागेवर ठेवून ताकद कमी करायची असेल तर दिवे पूर्ण ताकदीला ठेवून एकाआड एक बंद करा, किंवा अंतर बदला. बर्स्ट फायरिंगमध्ये (काही लहरी पूर्ण चालू, काही पूर्ण बंद) चालू-बंदाचा काळ तंतूच्या प्रतिसादापेक्षा छोटा असेल तर तंतूला सरासरीच जाणवते, त्यामुळे तिथेही वर्णपट सरकतोच. कार्बनच्या बाबतीत मात्र भट्टीकाकांनी दाखवलेला सपाटपणा उपयोगी पडतो: ताकद उतरवत नेली तरी पाण्याच्या पट्ट्यातला वाटा फारसा हलत नाही.

कोटिंगलाइन

मग आता कार्बनवर चाचणी घेतो. दोन शंका उरल्या. फिल्मचं तापमान कसं मोजू? आणि खरेदीआधी आमच्या थराचं शोषण तपासायचं तर प्रयोगशाळेकडे नक्की काय मागू? एका ठिकाणी एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपटाची तपासणी) करून देतो म्हणाले.

मोजपट्टी

तापमान आधी. साधा ८ ते १४ मायक्रॉनचा पायरोमीटर (प्रारणावरून दुरून तापमान मोजणारं उपकरण) पातळ फिल्ममधून थोडं पलीकडचंही बघतो, आणि वरून एमिटरच्या नळ्यांचं परावर्तनही पकडतो. पीईटीसाठी ७.९ मायक्रॉनच्या अरुंद पट्ट्याचा पायरोमीटर घ्या. तिथे पॉलिएस्टर जोरात शोषतं, म्हणून पातळ फिल्मही जवळपास अपारदर्शक होते. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन असतं तर ३.४३ सांगितलं असतं. पायरोमीटर दोन एमिटरच्या मधल्या मोकळ्या जागेत, आणि त्याच्या नजरेच्या रेषेत मागे तापलेलं काही नको.

एफटीआयआर करून घ्या, पण एटीआर (नमुना स्फटिकावर दाबून घेतलेलं मापन) नको म्हणून स्पष्ट सांगा. एटीआरमध्ये फक्त पृष्ठभागाचा एखाद-दोन मायक्रॉनचा थर दिसतो आणि प्रत्येक शिखर ठळक येतं. तुमच्या जाडीला किती आरपार जातं ते त्यातून कळत नाही. तुमच्याच फिल्मचा, थरासह आणि थराविना, पारगमन (आरपार जाणाऱ्या किरणांचा) वर्णपट मागा. नेहमीचा एफटीआयआर २.५ ते २५ मायक्रॉन देतो. कार्बनच्या ऊर्जेचा पाऊण ते निम्म्याच्या मधला मोठा भाग २.५च्या पुढे आहे, म्हणून तुमचं काम त्यात भागेल. हॅलोजनचा विचार पुन्हा केलात तर मात्र ०.८ ते २.५ मायक्रॉनचं वेगळं उपकरण लागेल.

प्रयोगशाळेवाचूनही एक तपासणी होते. पातळ पत्र्याला मॅट काळा रंग द्या, मागे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवा, एमिटरसमोर ठरलेल्या अंतरावर ठेवा आणि पहिल्या काही सेकंदांत तापमान किती वेगाने चढतं ते नोंदवा. मग मध्ये नुसती फिल्म धरून तेच, आणि मग ताजी कोटिंग केलेली फिल्म धरून तेच. चढण्याचा वेग जितका कमी झाला तितकी ऊर्जा मध्ये शोषली किंवा परतवली गेली. फिल्म पत्र्यापासून दोन-तीन सेंटीमीटर दूर ठेवा, नाहीतर तापलेली फिल्मच पत्र्याला तापवेल. कोटिंग ओलं असताना वाचन पटकन घ्या, कारण १० मायक्रॉनचा थर समोर सुकत जातो आणि आकडा हलत राहतो.